अल्फा रोमिओ १५८ आणि १५९ ‘अल्फेट्टा’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या रेसिंग गाड्यांवर लिहितो म्हणून जी पत्रं येतात, त्यांत या एका गाडीबद्दलचे प्रश्न सगळ्यात जास्त. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करण्यापेक्षा सगळी इथे एकत्र ठेवली आहेत. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, खाचाखोचांचे शेवटी. उत्तर एकीकडे आणि त्याचा धागा दुसरीकडे असेल, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अल्फेट्टा म्हणजे नेमकी कोणती गाडी?

मिलानच्या अल्फा रोमिओ कंपनीची, एकाच माणसाला बसता येईल अशी रेसिंग गाडी. आराखडा १९३७ चा, पहिली शर्यत १९३८ ची. कागदोपत्री नाव १५८, म्हणजे दीड लिटरचं इंजिन आणि आठ सिलिंडर. पुढे सुधारून काढलेल्या गाडीला १५९ म्हटलं, पण सिलिंडर आठच राहिले. तो फक्त पुढचा आकडा. १९५० साली फॉर्म्युला वनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली, तिची पहिली शर्यत हिने जिंकली आणि पहिली दोन्ही अजिंक्यपदं हिच्याच ड्रायव्हरांनी मिळवली.

२. ही गाडी कोणी बनवली? कुठे एन्झो फेरारीचं नाव दिसतं, कुठे कोलोम्बोचं.

दोन्ही नावं बरोबर आहेत. जोआक्किनो कोलोम्बो हा अल्फाचा पगारी डिझायनर. १९३७ मध्ये कंपनीने त्याला मोदेनाला, फेरारीच्या वर्कशॉपमध्ये पाठवलं. फेरारी तेव्हा स्वतःच्या नावाच्या गाड्या बनवत नव्हता. त्याची ‘स्कुदेरिया फेरारी’ अल्फाच्या गाड्या शर्यतीत उतरवायची. म्हणजे ड्रॉइंग कोलोम्बोचं, जागा आणि माणसं फेरारीची, पैसा अल्फाचा. अल्फा १९३३ पासून सरकारी मालकीच्या ‘इरी’ या संस्थेच्या ताब्यात होती, तेव्हा पैसा शेवटी इटालियन सरकारचाच.

मूळ कल्पना आपली, असं फेरारी आयुष्यभर सांगत आला. तो बोलण्यात कधी मागे पडायचा नाही, त्यामुळे त्याचं म्हणणं थोडं चाळूनच घ्यावं; पण दीड लिटरच्या गाडीसाठी त्यानेच आग्रह धरला असावा, असं मला वाटतं. कारण हरायचा वीट त्याला आला होता (प्रश्न ३).

१९३८ मध्ये अल्फाने हे सगळं उचलून मिलानला नेलं, ‘अल्फा कोर्से’ असा स्वतःचा रेसिंग विभाग काढला आणि फेरारीला त्यावर नेमलं. मालकाचा नोकर झालेला माणूस किती दिवस टिकणार? विफ्रेदो रिकार्ट या स्पॅनिश इंजिनिअरशी त्याचं बिलकूल जमेना. १९३९ मध्ये तो बाहेर पडला, तेही चार वर्षं ‘स्कुदेरिया फेरारी’ हे नाव वापरायचं नाही या अटीवर. युद्धानंतर त्याच्या पहिल्या व्ही-१२ इंजिनाचं ड्रॉइंग काढलं तेही कोलोम्बोनेच.

३. इंजिन दीड लिटरचंच का? तेव्हा तर मर्सिडीजच्या गाड्या केवढ्या मोठ्या होत्या!

म्हणूनच. १९३४ पासून ग्रां प्रीमध्ये, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाच्या शर्यतींत, मर्सिडीज आणि ऑटो युनियन या दोन जर्मन कंपन्यांनी सगळ्यांना धुऊन काढलं होतं. त्यांच्यामागे जर्मन सरकार होतं आणि खर्चाला हात आखडता नव्हता. ग्रां प्रीच्या खालोखाल ‘व्हॉत्युरेत’ नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग असायचा. सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, प्रश्न ११) लावलेलं दीड लिटरचं इंजिन ही त्याची मर्यादा. तिथे जर्मन नव्हते. जिंकता येईल तिथे खेळू, असा साधा हिशेब.

पण खरी कलाटणी युद्धानंतर मिळाली. ग्रां प्रीसाठी नवा नियम आला: सुपरचार्जर असेल तर दीड लिटर, नसेल तर साडेचार लिटर. जर्मनांना तर शर्यतीतच प्रवेश नव्हता. दुसऱ्या फळीसाठी काढलेली गाडी एक बोल्ट न बदलता पहिल्या फळीत येऊन बसली. अल्फेट्टाच्या यशाची चर्चा करताना लोक इंजिनाचं कौतुक करतात, ड्रायव्हरांचं करतात, या नियमबदलाचं नाव मात्र क्वचित घेतात. माझ्या मते अर्धं श्रेय तिथेच जातं.

४. पहिली शर्यत कुठे झाली?

लिव्होर्नोला, ७ ऑगस्ट १९३८ रोजी, कोप्पा चानोच्या छोट्या गाड्यांच्या शर्यतीत. एमिलिओ व्हिलोरेसी पहिला, क्लेमेंते बियोंदेत्ती दुसरा, दोघंही १५८ मध्ये.

५. त्रिपोलीत मर्सिडीजने इटालियन लोकांना कसं फसवलं?

फसवलं असं म्हणता येणार नाही. इटालियनांनी लावलेल्या सापळ्यातून ते निसटले, एवढंच. लिबिया तेव्हा इटलीची वसाहत होती आणि त्रिपोलीची ग्रां प्री मोठ्या मानाची. जर्मन दरवर्षी येऊन ती जिंकून जायचे. म्हणून १९३९ ची शर्यत फक्त दीड लिटरच्या गाड्यांसाठी ठेवायचं ठरलं. मर्सिडीजकडे तशी गाडी नव्हतीच. त्यांनी गाजावाजा न करता सुमारे आठ महिन्यांत डब्ल्यू १६५ ही दीड लिटरची व्ही-८ गाडी शून्यापासून उभी केली आणि तशा दोन गाड्या घेऊन त्रिपोलीत हजर झाले. ७ मे १९३९ ला हेरमान लांग पहिला, रुडॉल्फ काराचिओला दुसरा. वाळवंटातल्या उन्हात अल्फांची इंजिनं तापली. व्हिलोरेसी तिसरा आला खरा, पण कितीतरी मागे.

पुढच्या वर्षी अल्फाचा ड्रायव्हर फारिना याने तिथे १५८ मध्ये शर्यत जिंकली. तेव्हा मर्सिडीज नव्हती, आणि महिन्याभरात इटलीही युद्धात उतरली.

६. युद्धात या गाड्या चीजच्या कारखान्यात लपवल्या होत्या, हे खरं का?

गाड्या मिलानबाहेर हलवून लपवल्या होत्या, यात शंका नाही. अल्फाचा पोर्तेल्लोचा कारखाना दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला, आणि सप्टेंबर १९४३ नंतर उत्तर इटली जर्मन सैन्याच्या ताब्यात होती. गाड्या तिथेच राहिल्या असत्या तर बॉम्बखाली गेल्या असत्या, नाहीतर ट्रकवर चढून जर्मनीला. मिलानजवळचं मेल्झो गाव आणि तिथला चीजचा कारखाना ही गोष्ट अनेक जण सांगतात, भिंत बांधून आत गाड्या कोंडल्या होत्या इथपर्यंत तपशील रंगवतात. गाव चीजसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा गोष्ट शोभते. भिंतीचा भाग मी स्वतः लिहिताना गाळतो.

७. अल्फेट्टा कधीच हरली नाही असं वाचलं. मग त्रिपोलीचं काय?

‘कधीच’ हा शब्द चुकीचा. युद्धानंतरची पाच वर्षं म्हणा, तेही दोन अपवाद सांगून.

पहिला अपवाद जून १९४६ चा. पॅरिसजवळ सें-क्लू इथे युद्धानंतर पहिल्यांदा गाड्या उतरल्या आणि अल्फाचे विमिए आणि फारिना दोघंही क्लचच्या त्रासामुळे बाहेर पडले. त्यानंतर जुलैमध्ये जिनिव्हाला फारिना जिंकला आणि तिथून जी मालिका सुरू झाली ती जुलै १९५१ पर्यंत चालली. मध्ये १९४९ हे अख्खं वर्ष कंपनीने गाड्या शर्यतीत आणल्याच नाहीत.

दुसरा अपवाद मे १९५१ चा, सिल्व्हरस्टोनच्या इंटरनॅशनल ट्रॉफीचा. अंतिम फेरीत असा पाऊस कोसळला की समोरचं दिसेना. शर्यत मध्येच थांबवली आणि त्या क्षणी पुढे असलेल्या रेग पार्नेलला विजेता ठरवलं. त्याची गाडी होती फेरारीवरून तयार केलेली ‘थिनवॉल स्पेशल’. अल्फाप्रेमी ही शर्यत मोजत नाहीत, फेरारीप्रेमी आवर्जून मोजतात.

‘५४ शर्यतींत ४७ विजय’ हा आकडाही सर्रास फिरतो. त्यात पात्रता फेऱ्या, लहानसहान शर्यती आणि युद्धाआधीचं काय काय धरायचं, यावर तो हलतो. जागतिक अजिंक्यपदाचा हिशेब मात्र पक्का: १३ शर्यतींत भाग, १० विजय.

८. १९५० मध्ये सात शर्यती होत्या आणि अल्फाने सहा जिंकल्या. सातवी कोणाकडे हरली?

हरली नाही, गेलीच नाही. सातवी म्हणजे अमेरिकेतली इंडियानापोलिस ५००. अजिंक्यपदाला ‘जागतिक’ म्हणता यावं म्हणून ती यादीत घातली होती. तिचे नियम वेगळे, गाड्या वेगळ्या, ड्रायव्हर वेगळे. बाकीच्या सहाही अल्फाने घेतल्या: ब्रिटन, स्वित्झर्लंड आणि इटली फारिनाने, मोनाको, बेल्जियम आणि फ्रान्स फांजिओने.

पहिली शर्यत १३ मे १९५० ला सिल्व्हरस्टोनला, युद्धातल्या विमानतळाच्या रस्त्यांवर, राजे सहावे जॉर्ज यांच्या उपस्थितीत झाली. पहिल्या रांगेतल्या चारही गाड्या अल्फा. फारिना पहिला, अडीच-पावणेतीन सेकंदांनी मागे फाजिओली, आणि तिसरा रेग पार्नेल. इंग्लंडची शर्यत म्हणून पार्नेलला पाहुणा ड्रायव्हर घेतलं होतं. त्याच्या गाडीवर वाटेत एक रानससा आदळला आणि पुढच्या जाळीला पोचा पडला, तरी गाडी पळत राहिली. फेरारीचा संघ त्या दिवशी आलाच नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं. समोर होत्या जुन्या मासेराती, टाल्बो आणि ईआरए. सहापैकी सहा हा आकडा म्हणूनच मला कधी फार भारी वाटला नाही. १९५१ चे सातपैकी चार जास्त मोलाचे आहेत.

९. फांजिओ एवढा थोर, मग १९५० चा विजेता फारिना कसा?

फांजिओची गाडी बिघडली म्हणून. त्या वर्षी अजिंक्यपदाच्या ज्या शर्यतीत तो शेवटपर्यंत पोहोचला, ती प्रत्येक जिंकला. पण सहापैकी तीनच पूर्ण झाल्या.

शेवटच्या, इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीआधी गुण असे होते: फांजिओ २६, फाजिओली २४, फारिना २२. मोंझाला फांजिओची गाडी बंद पडली. तेव्हाच्या नियमाने संघातल्या दुसऱ्याची गाडी घेता यायची, म्हणून त्याने तारुफ्फीची गाडी घेतली. तीही बंद पडली. एकाच शर्यतीतून एक माणूस दोनदा बाद! फारिना जिंकला आणि ३० गुणांवर पोहोचला; फांजिओला सर्वात वेगवान फेरीचा एक गुण मिळून २७ झाले. फाजिओली चार वेळा दुसरा आला होता, पण चारच उत्तम निकाल धरायचे असल्याने मोंझाचं तिसरं स्थान त्याच्या काही कामाचं नव्हतं.

हे तिघं म्हणजे इटालियन वर्तमानपत्रांचे ‘तीन एफ’. हंगाम सुरू झाला तेव्हा फारिना ४३ वर्षांचा, फांजिओ ३८ चा आणि फाजिओली ५१ चा होता. आजच्या विशीतल्या ड्रायव्हरांसमोर हे आकडे ठेवून बघा.

१०. किती ॲव्हरेज देते?

हा प्रश्न चेष्टेत विचारला जातो, पण अल्फेट्टाच्या बाबतीत तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. लिटरला अर्धा ते पाऊण किलोमीटर. छापताना चूक झालेली नाही. १९५१ ची ब्रिटिश ग्रां प्री सुमारे ४१८ किलोमीटरची होती. म्हणजे एका गाडीला एका दुपारी सहा-सातशे लिटर इंधन.

हे पेट्रोल नव्हे, जवळजवळ शुद्ध मिथेनॉल. एक लिटर मिथेनॉलमध्ये पेट्रोलच्या निम्मीच ऊर्जा असते, म्हणून ते दुप्पट लागतं. मग वापरायचं कशाला? कारण मिथेनॉल वाफ होताना भरपूर उष्णता शोषून घेतं. सुपरचार्जरने दाबून तापवलेली हवा त्यामुळे थंड होते आणि इंजिन वितळायचं वाचतं. वर थोडं कच्चं इंधन मुद्दाम सिलिंडरमधून न जळता जाऊ द्यायचे, तेही आतला भाग थंड ठेवायला. थोडक्यात, इंधनाचा एक हिस्सा गाडी पळवायला आणि एक हिस्सा पाण्यासारखा वापरायला.

याची किंमत शर्यतीत मोजावी लागायची. शेपटीतली टाकी पुरेना म्हणून बाजूलाही टाक्या बसवल्या. सुरुवातीला गाडी जड, टायरवर ताण, शिवाय पिटमध्ये (इंधन-टायरसाठी थांबायच्या जागी) थांबणं लांबायचं. जोवर समोर कोणी नव्हतं तोवर हे चालून गेलं (पुढचं प्रश्न १२ मध्ये).

११. दीड लिटरमधून ४२५ अश्वशक्ती? एवढी तर आजच्या मोठ्या गाड्यांनाही नसते.

सगळी करामत सुपरचार्जरची. इंजिन १४७९ सीसीचं, आठ सिलिंडर एका रांगेत, बोअर ५८ मिलिमीटर, स्ट्रोक ७०. १९३८ मध्ये ते १९५ च्या आसपास अश्वशक्ती द्यायचं. १९५० पर्यंत ३५०, आणि १९५१ च्या १५९ मध्ये ४२० ते ४२५, तेही मिनिटाला नऊ हजारांवर फेऱ्यांत. त्याच ठोकळ्यातून तेरा वर्षांत दुपटीहून जास्त.

यातला सुपरचार्जर रूट्स पद्धतीचा. डब्यात इंग्रजी आठच्या आकाराचे दोन रोटर एकमेकांविरुद्ध फिरतात. रसवंतीच्या चरकाची आठवण येईल, पण ऊस चरकाच्या मधून जातो आणि इथे हवा रोटरच्या बाहेरच्या कडेने, डब्याच्या भिंतीलगत ढकलली जाते. सुरुवातीला असा एकच ब्लोअर होता. युद्धानंतर दोन टप्पे केले: मोठा ब्लोअर हवा दाबून धाकट्याला देतो, धाकटा ती आणखी दाबून इंजिनात घालतो. हे ब्लोअर इंजिनच फिरवतं, आणि १५९ मध्ये त्यातच शंभरावर अश्वशक्ती खर्ची पडायची. म्हणजे चाकांना मिळणाऱ्या ४२५ साठी इंजिन आत त्याहून कितीतरी जास्त ताकद निर्माण करत होतं. युद्धानंतर हे पिळून काढण्याचं काम ओराझियो सात्ताच्या देखरेखीखाली झालं. त्याचं नाव कोलोम्बोइतकं कोणी घेत नाही.

१२. फेरारीने ‘मी माझ्या आईला मारलं’ असं कशाबद्दल म्हटलं?

१४ जुलै १९५१ च्या सिल्व्हरस्टोनबद्दल. त्या दिवशी अर्जेंटिनाच्या होसे फ्रोइलान गोन्झालेझने फेरारी ३७५ मध्ये फांजिओच्या अल्फाला सुमारे ५१ सेकंदांनी हरवलं. जागतिक अजिंक्यपदातला फेरारीचा हा पहिला विजय आणि अल्फाचा पहिला पराभव. अल्फातच घडलेल्या फेरारीने नंतर लिहिलं की आपण आनंदाने रडलो, पण आपल्याच आईला मारल्याचं दुःखही त्यात होतं.

ती कशी हरली, हे जास्त मनोरंजक आहे. फेरारीचा डिझायनर ऑरेलियो लाम्प्रेदी याने नियमाची दुसरी बाजू धरली होती: सुपरचार्जर नको, साडेचार लिटरचं साधं व्ही-१२. ताकद अल्फापेक्षा कमी, पण तहान कितीतरी कमी. कमी इंधन म्हणजे हलकी गाडी आणि पिटमध्ये कमी वेळ. अल्फा दर फेरीत वेगाने जे कमवायची ते इंधन भरताना गमवायची. गोन्झालेझकडे तर ३७५ चं आदल्या वर्षीचं जुनं इंजिन होतं, तरी पोल पोझिशनही (सुरुवातीची पहिली जागा) त्यानेच घेतली. पिटमध्ये थांबल्यावर, आधीच बाद झालेल्या, फेरारीच्याच आस्कारीला त्याने आपली जागा देऊ केली. आस्कारीने त्याला तसंच पुढे जायला सांगितलं.

यानंतर जर्मनी आणि इटली आस्कारीने जिंकल्या. तहानेवर अल्फाकडे उत्तर नव्हतं. ताकद वाढवायची तर जास्त इंधन, आणि जास्त इंधन म्हणजे पुन्हा तोच तोटा.

१३. मग १९५१ चं अजिंक्यपद फांजिओला मिळालं ते केवळ फेरारीच्या टायरमुळे?

शेवटच्या शर्यतीपुरतं हो. २८ ऑक्टोबर १९५१, बार्सिलोनाचा पेद्राल्बेसचा रस्ता. फेरारीने मागे लहान, १६ इंची चाकं लावली आणि त्यांच्या टायरचे थर उडायला लागले. आस्कारी चौथा आला, फांजिओ जिंकला. अंतिम गुण ३१ विरुद्ध २५.

पण ‘केवळ’ म्हणणाऱ्यांनी स्पा आठवावं. बेल्जियमला फांजिओ टायर बदलायला पिटमध्ये आला आणि मागचं एक चाक निघेचना. मेकॅनिकांनी शेवटी चाक गाडीवरच ठेवून त्यावर टायर चढवला. यात बारा-चौदा मिनिटं गेली आणि तो नववा आला. नशिबाचा हिशेब मांडायचाच तर दोन्ही बाजूंनी मांडावा.

१४. फोटोंत मागची चाकं वरच्या बाजूने आत कललेली दिसतात. ॲक्सल वाकला आहे का?

नाही. १५८ ला मागे स्विंग ॲक्सल होता: डाव्या-उजव्या बाजूचे दांडे मधल्या डिफरन्शिअलजवळ वर-खाली हलतात आणि चाक दांड्याबरोबरच कलतं. टाकी शेपटीत असल्याने शर्यत सुरू होताना मागचा भाग खाली बसलेला, म्हणून चाकं आत झुकलेली. इंधन संपत येतं तशी गाडी वर उठते आणि चाकं सरळ होतात. दर काही फेऱ्यांनी गाडीचा स्वभाव बदलायचा. यावर उपाय म्हणून १५९ च्या शेवटच्या गाड्यांना मागे द दिओं ॲक्सल दिला, त्यात चाकं उभीच राहतात. १५९ च्या फोटोत चाकं सरळ दिसली तर कारण हे असू शकतं.

१५. या गाडीने बरेच ड्रायव्हर गेले. अपशकुनी होती का?

गाडीला शकुन-अपशकुन नसतो. १५८ चालवताना गेले ते असे: १९३९ मध्ये मोंझाला चाचणीत एमिलिओ व्हिलोरेसी, १९४० मध्ये मिलानजवळच्या महामार्गावर चाचणी घेताना आत्तिलिओ मारिनोनी, आणि १ जुलै १९४८ ला बर्नजवळ ब्रेमगार्टनला, ओल्या रस्त्यावरच्या सरावात आकिले वार्झी. वार्झीच्या डोक्यावर कापडी टोपी होती. सीट बेल्ट तर कोणालाच नव्हता. कडक हेल्मेटची सक्ती १९५२ पासून झाली.

जाँ-पिएर विमिए जानेवारी १९४९ मध्ये ब्युनोस आयर्सला गेला तो दुसऱ्याच, सिम्का-गोर्दिनी गाडीत. अल्फाचाच ड्रायव्हर त्रोस्सी त्याच वर्षी आजाराने गेला. वर्षभरात तीन प्रमुख ड्रायव्हर गमावल्यावर कंपनीने १९४९ ला गाड्या झाकून ठेवल्या, यात नवल नाही. ‘तीन एफ’ हा संघ त्यानंतर नव्याने उभा केलेला.

१६. दोन अजिंक्यपदं जिंकूनही अल्फाने माघार का घेतली?

पैसा. १५९ ची वाढ संपली होती (प्रश्न १२), नवी गाडी काढायची तर सरकारी मालकाकडून खर्च मंजूर व्हायला हवा होता आणि तो झाला नाही. रस्त्यावरच्या गाड्या विकायला कारखान्याला तेव्हा पैशांची जास्त गरज होती. अल्फा गेल्यावर फेरारीसमोर तुल्यबळ कोणी उरलं नाही, म्हणून १९५२ आणि ५३ ची अजिंक्यपदं दोन लिटरच्या फॉर्म्युला टू गाड्यांवर झाली.

१७. अल्फा रोमिओला मग कन्स्ट्रक्टर्सचं अजिंक्यपद का नाही?

तेव्हा ते, म्हणजे ड्रायव्हरऐवजी गाडी बनवणाऱ्याला मिळणारं अजिंक्यपद, अस्तित्वातच नव्हतं. कन्स्ट्रक्टर्सची स्पर्धा १९५८ ला सुरू झाली.

१८. अल्फेट्टा नावाची चार दारांची गाडीही होती ना? आणि २०१९ ते २०२३ ची फॉर्म्युला वनमधली अल्फा?

चार दारांची अल्फेट्टा १९७२ ला आली. नाव या रेसिंग गाडीवरून घेतलेलं, आणि थोडं साम्यही आहे: १५८ सारखा तिचाही गिअरबॉक्स मागे, आणि १५९ च्या शेवटच्या गाड्यांसारखा मागे द दिओं ॲक्सल. बाकी ती कुटुंबासाठीची गाडी.

२०१९ ते २३ चा संघ स्वित्झर्लंडच्या झाऊबरचा. अल्फाचं फक्त नाव आणि पैसा. मधल्या काळात, १९७९ ते ८५, अल्फा स्वतःचा संघ घेऊन परतली होती, पण एकही ग्रां प्री तिला जिंकता आली नाही.

१९. गाडी कुठे पाहायला मिळेल? एखादी विकत मिळते का?

मिलानजवळ आरेझेला अल्फाचं स्वतःचं संग्रहालय आहे, २०१५ ला ते नव्याने उघडलं. तिथे १५८ आणि १५९ दोन्ही आहेत. विकत मिळत नाही. त्या काळच्या मासेराती आणि फेरारी खासगी शौकिनांना विकल्या जायच्या, म्हणून त्या आज लिलावांत दिसतात. अल्फेट्टा कंपनीने आपल्या संघाबाहेर जाऊ दिली नाही. त्यामुळे मुंबईच्या व्हिंटेज रॅलीत ‘ओरिजिनल अल्फेट्टा’ आहे असं कोणी सांगितलं तर आधी इंजिन बघायला मागा.

२०. १५९ ने १९५० ची एकही शर्यत जिंकली नाही, बरोबर?

काटेकोर उत्तर हवं असेल तर नाही. मोंझाला सप्टेंबर १९५० मध्ये फारिना आणि फांजिओला सुधारित गाड्या दिल्या होत्या आणि बऱ्याच नोंदींत त्या १५९ म्हणूनच येतात. तसं धरलं तर फारिनाचं अजिंक्यपद पाच शर्यती १५८ मध्ये आणि शेवटची १५९ मध्ये चालवून आलेलं आहे. वर्षाच्या सीमेवर १५८ संपली आणि १५९ सुरू झाली, असं झालं नाही. कारखान्यात जुन्याच गाड्यांना नवे भाग बसत गेले.

२१. १९५१ ची फ्रेंच ग्रां प्री फांजिओच्या नावावर की फाजिओलीच्या?

दोघांच्याही. र्‍हॅम्सला फांजिओच्या गाडीत बिघाड झाला. संघाने फाजिओलीला पिटमध्ये बोलावलं, त्याची चालू गाडी फांजिओला दिली आणि फांजिओची बिघडलेली गाडी त्याच्या गळ्यात मारली. फांजिओ त्या गाडीत जिंकला. पहिल्या क्रमांकाचे आठ गुण दोघांत निम्मे-निम्मे वाटले, विजय मात्र दोघांच्याही खात्यावर पूर्ण धरला जातो. म्हणूनच फांजिओच्या २४ विजयांत ही शर्यत आहे आणि ५३ वर्षांचा फाजिओली आजही अजिंक्यपदाची ग्रां प्री जिंकणारा सगळ्यात वयस्कर ड्रायव्हर आहे. त्याला स्वतःला या विक्रमाचं काही कौतुक नव्हतं. चालत्या शर्यतीत गाडी काढून घेतल्याचा एवढा संताप आला की त्यानंतर तो अल्फासाठी अजिंक्यपदाच्या एकाही शर्यतीत उतरला नाही.